एकोणीसशे दारं आणि एक रिकामा रकाना

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या गावच्या नगराध्यक्ष मादाम मिरेय व्हेसिएर, व्यासपीठावर बसलेले कारखान्याचे व्यवस्थापक, तिन्ही कामगार संघटनांचे प्रतिनिधी (तिघं आज एकाच बाकावर बसलेत, हेही कारखाना बंद पडताना बघायचं नशिबी होतं), सत्कारमूर्ती श्रीयुत इलेर बार्दू, त्यांच्या पत्नी मादाम ओदेत, आणि समोर बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मला चार शब्द बोलायला बोलावलंत, हा तुमचा मोठेपणा. मी लुसिएन एस्कांद. शाळेच्या खानावळीत सूप वाढणाऱ्या बाईंचा मुलगा, एवढी ओळख इथे पुरते. गेली चोवीस वर्षं मी ब्रसेल्सला युरोपीय विमानबांधणी सल्लागार मंडळात काम करतो. सरकारांनी विमानांच्या कारखान्यांना मदत कशी करावी, म्हणजे समुद्रापलीकडच्यांशी टक्कर देता येईल, त्याची धोरणं आम्ही लिहितो. इलेर माझी ओळख याहून सोपी करून देतो. चौकात लोखंडी गोळे खेळताना कुणी विचारलं, की तो म्हणतो, “हा लुसिएन कागदाची विमानं बनवतो.” लोक हसतात. मीही हसत आलो.

इलेरबद्दल काय सांगावं? दोन वर्गांत माझ्या शेजारी बसला, तिसऱ्यात त्याला माझ्यापासून लांब बसवलं, कारण माझी पेन्सिल तोडून तो तिचं काहीतरी करायचा. अठराव्या वर्षी कारखान्यात लागला आणि पुढे नव्वद आसनी विमानाचं काम आल्यावर बावीस वर्षं त्यानं एकच काम केलं. विमानाला दार बसवलं. एका विमानाला चार, अशी एकोणीसशे दारं. मादाम ओदेत मघाशी मला म्हणाल्या की जगाची दारं याच्या हातून बसली, घरच्या न्हाणीघराचं दार मात्र अजून जमिनीला घासतंय. मादाम, आता त्याला वेळच वेळ आहे. हे मी विनोद म्हणून लिहून आणलं होतं. वाचताना तसं वाटत नाही.

हे दार कसं बनतं, ते इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. चौकट आपल्याकडे, कवाड दुसऱ्या देशात, बिजागऱ्या तिसऱ्या देशात, कुलूप चौथ्या. असं का? कारण जो देश विमानाच्या कामात जेवढा वाटा घालेल, त्याच्या कारखान्यांना तेवढं काम मिळालंच पाहिजे, असा आमचा नियम. नियम वाईट हेतूनं केलेला नाही. तो नसता तर कुठल्याच देशानं खिशात हात घातला नसता, आणि एकट्यानं विमान बांधायची ताकद आपल्यापैकी कुणात आहे? पण चौघांनी मिळून विमान बांधणं वेगळं आणि चौघांनी मिळून एक दार करणं वेगळं. एक देश वरच्या कडेपासून मोजायचा, दुसरा खालच्या, तिसरा बिजागरीच्या खिळ्यापासून. प्रत्येकाचं माप ठरलेल्या मर्यादेत. सगळे तुकडे इथे आले की दार दोन मिलिमीटर लटकायचं. दोष द्यायचा कुणाला? सगळ्यांचेच कागद बरोबर होते.

मग इलेर कानस घ्यायचा. इथे घास, तिथे पातळ पत्र्याची पट्टी सरकव, डोळा लाव, तळहात फिरव. आराखड्यात दाराला चार तास लिहिलेले होते, त्याला अकरा लागायचे. उरलेले सात तास ‘किरकोळ जुळवणी’ या नावाखाली कुठेतरी जिरून जायचे. आणि दार असं बसायचं की वर आकाशात त्यातून वाऱ्याची शीळसुद्धा ऐकू येत नसे.

प्रत्येक दारासोबत एक कागद येतो. त्यात शेवटी एक रकाना आहे: ‘बसवताना आलेली अडचण’. आपल्या कारखान्याची रीत तुम्हाला माहीत आहे. त्या रकान्यात कुणी लिहीत नाही. इलेर नवा होता तेव्हा त्यानं एकदा लिहायला पेन काढलं, तर त्याच्या उस्तादांनी ते काढून घेतलं आणि दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. त्या रकान्यात लिहायचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. इथे हात चालतात, तक्रार चालत नाही, हा आपला अभिमान.

मित्रांनो, अंगण खरोखरच वाकडं होतं. आणि ते वाकडं आहे हे कळायचा आम्हाला ब्रसेल्समध्ये एकच मार्ग होता, तो रकाना. मी स्वतः ते कागद चाळले आहेत. वर्षानुवर्षांचे गठ्ठे. सगळीकडे रकाना कोरा. त्यावरून मी अहवालात लिहिलं की कामाच्या वाटणीचा जोडणीवर काहीही परिणाम होत नाही. मोठ्या समाधानानं लिहिलं. आपल्या गावाची मान उंचावली असंही मला वाटलं. इथेच जन्मून वाढलेल्या माणसाला त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ कळू नये? कळला नाही. की कळून घेतला नाही, हे आता मलाही नक्की सांगता येत नाही.

व्यवस्थापक साहेब घड्याळाकडे बघत आहेत. फार वेळ घेणार नाही.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मदतीचं धोरण नव्यानं ठरायचं होतं. त्याच वसंतात एका दाराच्या कागदावर, त्या रकान्यात, दोन शब्द आले: ‘बसत नाही.’ खाली सही, इ. बार्दू. कारखान्यात त्याच्याशी आठवडाभर कुणी हात मिळवला नाही, रोज सकाळी सगळ्यांशी हात मिळवायची जिथे रीत आहे तिथे. तो कागद माझ्या टेबलावर आला. मी इलेरला मंडळापुढे साक्षीला बोलावलं. खरं सांगतो, त्याचं म्हणणं सगळ्यांना ऐकवावं याच इच्छेनं बोलावलं.

तो लग्नातला कोट घालून आला होता. रुमालात गुंडाळून एक पत्र्याची पट्टी आणली होती, सभासदांना दाखवायला. बैठकीआधी मला बातमी लागली की दोन देश डळमळीत आहेत. वाटणीला धक्का लागला तर ते अंग काढून घेणार, आणि मग मदतच नाही. मी त्याला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं. म्हटलं, “इलेर, आज नको. आज मत पडू दे. पुढच्या खेपेला तुला सगळं बोलू देतो.”

तो म्हणाला, “लुसिएन, पुढच्या खेपेला दार कुणी विकत घेईल का?”

मी म्हटलं, “आज बोललास तर तीनशे चाळीस घरं उद्याच उघड्यावर येतील.”

त्यानं पट्टी परत रुमालात बांधली. आत अध्यक्षांनी विचारलं की जोडणीत काही अडचण येते का. इलेर उभा राहिला आणि म्हणाला, “आम्ही बसवतो.” एवढंच. सभागृहात टाळ्या झाल्या. धोरण मंजूर झालं, वाटणी तशीच राहिली, मीच मसुदा लिहिला. समुद्रापलीकडे तसंच दार चार तासांत बसत राहिलं, आपलं अकरा तासांत. विमान कंपन्यांनी ज्याचं विमान लवकर आणि स्वस्त मिळेल त्याच्याकडे मोर्चा वळवला. त्यांना नावं ठेवण्यात काय अर्थ? ती तीनशे चाळीस घरं मी वाचवली असं मला आठ वर्षं वाटत होतं. तुम्ही सगळे समोर बसला आहात. एकही वाचलं नाही.

आता नव्या विमानाचं धोरण तयार होतंय. मसुदा मी पाहिला. दार सहा देशांत वाटलंय. वाटणीनं त्रास होत नाही याला पुरावा म्हणून माझाच अहवाल जोडलाय, आणि पहिल्या पानावर एका अनुभवी कारागिराचं वाक्य छापलंय, ‘आम्ही बसवतो.’ मी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं की आपण नोंदवलेल्या मताबद्दल आभारी आहोत. अशी उत्तरं मीच लिहीत आलोय, तेव्हा त्यांचा अर्थ मला विचारावा लागला नाही.

गेल्या रविवारी मी इलेरच्या घरी जेवायला होतो. मी म्हटलं, एकदाच परत मंडळापुढे चल, या वेळी मी मधे पडणार नाही. तो बराच वेळ ताटातल्या घेवड्याच्या दाण्यांशी खेळत होता. मग म्हणाला, “आम्ही घासत राहिलो म्हणून तुम्हाला कळलं नाही. आता घासणारंच कुणी नाही, तेव्हा तुम्हाला आपोआप कळेल. त्यासाठी मला कशाला गाडीत बसवतोस?” मादाम ओदेतनी त्याला आणखी वाढलं.

मंडळींनो, मंडळातर्फे इलेरला देण्यासाठी एक मानपत्र माझ्याबरोबर पाठवलंय. सुंदर छापलंय. ते वाचून दाखवायचं म्हणूनच मला इथे उभं केलंय. त्यात तिसऱ्या ओळीत म्हटलंय की बावीस वर्षांत श्रीयुत बार्दू यांनी एकदाही तक्रार केली नाही. हे खोटं आहे. त्यांनी एकदा केली होती. म्हणून हे मानपत्र मी वाचणार नाही, त्यांच्या हातात देणार नाही, परत घेऊन जातोय. अध्यक्ष महोदया, यामुळे कार्यक्रमात खंड पडला, त्याबद्दल दिलगीर आहे.

नगरपालिकेनं हे सभागृह दिलं, संघटनांनी वाइनची आणि सॉसेजची व्यवस्था केली, तुम्ही सगळे एवढा वेळ ऐकत राहिलात, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते पोटात घाला. त्या दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी मी जे केलं, ते मात्र पोटात घालू नका.