नदीपारची काडीपेटी

हिरामण : तू आज संत्र्याच्या बाड्यावर कायले गेली होती?

कुसुम : भाजीत मीठ बरोबर आहे का?

हिरामण : मी काय विचारून राहिलो, कुसुम.

कुसुम : मीही विचारूनच राहिली. आत्याबाई म्हणे फिकी झाली.

देवकाबाई : मले कायले मधात ओढून राहिली वं? मी तर अजून हात नाही धुतला.

हिरामण : भरल्या बाड्यात गेली. माणसं पेट्या ठोकून राहिले, बाया संत्री निवडून राहिल्या, अन् ही मधातून सरळ. मालक बापूजी गादीवरून उठले. म्हणे, हिरामणची बायको कशी काय आली, घरी कोणी गेलं काय?

कुसुम : कोणी गेलं नाही म्हणून सांगतलं मी त्याईले. म्हटलं, माह्या घरची एक वस्तू इथं राहिली, ते न्यायाले आली.

हिरामण : अन् चंद्रकलाबाईनं देली?

कुसुम : लगेच. बटवा सोडला, काढून हातावर ठेवली. तुमच्यासारखे फाटे नाही फोडले.

देवकाबाई : कोणती वस्तू? मायबाई, मले कोणी सांगान का?

कुसुम : काडीपेटी, आत्याबाई. तुमच्या लेकाची. अन् बिडीचा अर्धा कट्टा. बाड्यात संत्री निवडणाऱ्या सावरगावच्या चंद्रकलाबाईच्या बटव्यात सुपारी, चुना, कात, अन् माह्या नवऱ्याची काडीपेटी. नदी ओलांडून गेली होती.

देवकाबाई : अरे लेका. पोळ्यापासून तुही बिडी सुटली, तर मले वाटलं मारुतीनं सोडवली. जामसांवलीले नारळ बोलून बसली मी.

कुसुम : नारळ आता चंद्रकलाबाईच्या दारात फोडा.

हिरामण : कुसुम, जीभ आवर. ते बाई मले भाऊ म्हणते.

कुसुम : म्हणते ना. मलेही वहिनी म्हटलं. गोड बोलते. आवाजही गोड आहे. मी काय बहिरी आहे?

हिरामण : मग भांडण कायचं?

कुसुम : भांडण कोणं केलं? मी तर वाढून राहिली. भाकर देऊ का अजून? तिथूनच सांगा, ओसरीतून. आजकाल ओसरी लय गोड लागते तुमाले.

देवकाबाई : दे वं त्याले अर्धी. रागात माणूस जास्त खाते.

कुसुम : त्याईचं पोट भरलं असन, आत्याबाई. दिवसभर तोंडात साल राहते. सदरा धुवाले घेतला, तर खिशात संत्र्याच्या वाळक्या साली. मीठ लावलेल्या, बारीक कापलेल्या, नखाएवढ्या. मी म्हटलं, माह्या नवऱ्याले आजपर्यंत भेंडी चिरता आली नाही, एवढं नाजूक काम कोणं केलं? हुंगून पाहिलं. मीठच नाही, ओवाही होता.

हिरामण : तलफ आली का चघळाची. तिनं सांगतलं म्हणून—

कुसुम : तिनं सांगतलं. मी काय नाही सांगतलं? लग्नाच्या पहिल्या सालात सांगतलं, अंथरुणाले भोकं पडतात, बिडी सोडा. आपली शोभा पोटात होती तवा सांगतलं, वासानं मळमळते. तुमी हासले. म्हणाले, बिडी गेली तर मर्दाच्या हातात राहते काय. मी सांगतलं ते कानावरून गेलं, अन् तिनं सांगतलं ते काळजात गेलं.

देवकाबाई : हे मात्र खरं आहे, हिरामण. मीही सांगतलं होतं. तुह्या बापानंही सांगतलं होतं, बिडी ओढत ओढत.

हिरामण : तुमी दोघी एका बाजूनं झाल्या, मग मी जेवतो कायले?

कुसुम : नका जेवू. सौंसरले चांगली खाणावळ आहे म्हणतात, बस स्टँडच्या बाजूले. तिथं जेवले असान.

देवकाबाई : आता हे सौंसर कुठून आलं?

कुसुम : त्याईले विचारा. घास थांबला पाहा हातातला. शेजारची उषा सांगत होती विहिरीवर. बुधवारी तिचा नवरा सौंसरच्या गाडीत होता. म्हणे, भाऊजी होते, संगं सावरगावची बाई होती. दोघं एका बाकावर. आत्याबाई, पंधरा वर्षांत मले हे एकदा सौंसरले घेऊन गेले, शोभाच्या कानातले डूल पाहाले. जाताना उभी, येताना उभी. पोरगी कडेवर. अन् तिले बाक.

हिरामण : गाडी रिकामी होती त्या दिवशी.

कुसुम : माह्या दिवशीच भरते गाडी.

देवकाबाई : हिरामण, मी म्हातारी झाली, मले फिरवून बोलणं समजत नाही. सौंसरले त्या बाईसंगं कायले गेला होता?

हिरामण : दवाखान्यात.

देवकाबाई : तिले काय झालं?

हिरामण : तिले नाही, माय. मले.

कुसुम : काय झालं तुमाले?

हिरामण : काही नाही. खोकला.

कुसुम : खोकला तर घरी आहे. खोकल्याले सौंसर कायले लागते?

हिरामण : पोळ्याच्या आदल्या दिवशी बाड्यात पेटी ठोकता ठोकता खोकल्याची उबळ आली. बसलो खाली. पेटीत घालाच्या वाळक्या तणसावर थुकलो, त्यात लाल दिसलं. थोडंसंच. मी पायानं तणस सरकवलं, पण तिनं पाहिलं. दुसऱ्या कोणाले नाही बोलली. संध्याकाळी पुलावर गाठलं, म्हणे, भाऊ, माह्या माणसाचं असंच सुरू झालं होतं. ब्याऐंशीच्या साली गेला तो. तिनं त्याले सौंसरले नेलं होतं, तिले डाक्तर माहीत, खिडकी माहीत, चिठ्ठी कुठं काढतात ते माहीत. मले काय माहीत? मी जन्मात सुई टोचून नाही घेतली. बिडी तवाच सोडली, पण दवाखान्याची हिंमत बुधवारी झाली, अन् तीच संगं आली. छातीचा फोटो काढला. थुकी घेतली डबीत. सोमवारी बलावलं. काय निघते ते सोमवारी सांगन म्हणे, पण बिडी कायमची बंद.

देवकाबाई : मारुतीराया.

हिरामण : म्हणून सांगत नव्हतो, माय. तू आता मारुतीले बोलणार, उद्या सगळं पांढुर्णा बोलन.

कुसुम : मले कामून नाही सांगतलं?

हिरामण : तू रडली असती.

कुसुम : मग?

हिरामण : तू रडली असती, तर मले वाटलं असतं मी मेलोच. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. तिचं रडून झालं आहे. तिच्यापुढं मले भेव वाटलं म्हणता आलं.

कुसुम : भेव वाटलं असं म्हटलं तुमी तिले?

हिरामण : म्हटलं.

कुसुम : पुलावर?

हिरामण : हो.

कुसुम : आत्याबाई, ऐकलं? तिच्यासंगं हासले असते, तर मी केस धरून भांडली असती अन् मोकळी झाली असती. पाच शिव्या तिले, पाच याईले, झालं. पण हे तर भेव ठेवून आले तिच्यापाशी. पंधरा वर्षांत मले एकदा नाही म्हटलं भेव वाटते म्हणून. मले वाटे, या माणसाले भेवच नाही. होतं. माह्यासाठी नव्हतं.

देवकाबाई : पोरी, म्हणून सकाळी जात्यावर ते म्हणत होती काय?

कुसुम : काय म्हणत होती मी?

देवकाबाई : मी अंथरुणात जागी होती. अर्धं दळण झालं अन् तुहा आवाज बारीक झाला :

माह्या चुलीचा इस्तो, बाई गेला नदीपार
तिकडं उजेड झाला, माह्या घरात अंधार

मी म्हटलं, नवी ओवी आहे, माहेरची असन. आता समजलं, माहेरची नव्हती.

हिरामण : इस्तो, इस्तो. त्या इस्त्यानंच मारलं मले. माय, तू विचारत होती ना, लेक ओसरीत ताट कामून मागते? सांगतो. बाड्यात दिवस कसाही जाते. साल चघळतो, पाणी पितो, खिळे मोजतो. घरी येतो, तर ही चुलीच्या तोंडाशी लाल इस्तो, धगधगता निखारा, काढून ठेवते. बाजूले बिडी. रोज. मी पाहतो अन् उठून ओसरीत पळतो. एवढी तलफ राहते. अन् ही म्हणते, ओसरी गोड लागते.

देवकाबाई : बिडी? घरात बिडी कोणाची? तुहा कट्टा तर नदीपार होता. कुसुम, चिंधूच्या दुकानातून परवा पदराखाली काय आणलं होतं वं? मी समजली, तपकीर आणली माह्यासाठी. वाट पाहत राहिली मी.

कुसुम : बिडी आणली होती. मीच ठेवत होती.

हिरामण : कायले? तुले तर वास नको वाटे.

कुसुम : वास नकोच वाटे. पण तुमच्या खिशात काडीपेटी राहायची, तरी घरी काडी नाही ओढायचे तुमी. चुलीपाशी येऊन उकिडवे बसाचे, म्हणाचे, कुसुम, इस्तो दे वं. मी चिमट्यानं धराची, तुमी मान वाकवून लावाचे. तेवढ्यात दोन गोष्टी व्हायच्या. कोणाची पोरगी कुठं देली, कोणाच्या बगीच्याले किती भाव आला. बिडी संपली का उठून चालले. मले दिवसभरात एका बिडीएवढा नवरा मिळे, आत्याबाई. मी तेवढ्यात भागवलं. पोळा झाला अन् तेही बंद. तुमी चुलीकडं पाहणंच सोडलं. मले वाटलं, बिडी नाही सुटली, मीच सुटली. मग विहिरीवर बाड्यातल्या बायाईच्या तोंडून समजलं, कोणं सोडवली अन् काडीपेटी कोणापाशी आहे. तवा माह्या मनात आलं, माह्या शब्दानं नाही सुटली ना, तर तिच्या शब्दानंही नको सुटू. एक दिवस तरी उचला. एक झुरका घ्या, माह्या हातच्या इस्त्यावर. तिचा शब्द माह्या चुलीत जळू दे.

देवकाबाई : मायबाई. सवत नाही तर सवतीचं विष एवढं.

कुसुम : थुकीत रक्त होतं हे मले कोणं सांगतलं होतं? माहीत असतं तर हात जळून नसता गेला माहा? लेकराच्या बापापुढं मी रोज काय ठेवत होती, अन् कोणी मले सांगतलं नाही.

हिरामण : कुसुम. रडू नको.

कुसुम : नाही रडून राहिली. धूर गेला डोळ्यात.

हिरामण : काडीपेटी तुह्यापाशी ठेवाचं माह्या मनात आलं होतं. पहिल्याच दिवशी. पण मी जाणतो ना तुले. मी मागतली असती, तर तू दोनदा नाही म्हटलं असतं. तिसऱ्यांदा मी तोंड वाकडं केलं असतं, अन् तू देली असती. मी उपाशी झोपलो तर तुले झोप लागत नाही. तुले नाही म्हणता येत नाही मले. म्हणून परक्या बाईपाशी ठेवली. परक्या बाईपुढं हात पसराची लाज वाटते.

देवकाबाई : हे बरं आहे. मायाळूले शिक्षा.

कुसुम : तिनंही हेच सांगतलं.

हिरामण : कोणं?

कुसुम : चंद्रकलाबाईनं. काडीपेटी हातावर ठेवली, पण माही मूठ नाही सोडली. म्हणे, वहिनी, माह्या माणसानं शेवटच्या महिन्यात मागतली, अन् मी देत गेली. खाटेवर पडला होता, म्हणे एकच. मी म्हटलं, एकच तर आहे. माह्या हातानं लावून देली. आता कोणी मागतलं का मी नाही म्हणते, पण ज्याले म्हणाचं होतं तो गेला. म्हणे, न्याची तर ने, मले जडच झाली होती. पण देजो नको. मी रागात होती. मले वाटलं, इथंही मलेच शिकवून राहिली. पुलावर येईपर्यंत रागच होता. अजूनही आहे थोडा.

देवकाबाई : थोडा राहू दे. घरात थोडं तिखट लागते.

हिरामण : आता कुठं आहे काडीपेटी?

कुसुम : माह्या कमरेले.

हिरामण : अन् कट्टा?

कुसुम : तोही.

(हिरामण ताट बाजूला सारतो, ओसरीतून उठतो आणि चुलीपाशी येऊन उकिडवा बसतो.)

हिरामण : कुसुम.

कुसुम : हं.

हिरामण : इस्तो दे वं.

कुसुम : नाही.

हिरामण : एकच. आज डोकं फुटून राहिलं. एवढं सगळं बोललो, आतून नुसती आग झाली. सोमवारी काय निघन ते निघन. एकानं काय होते?

कुसुम : नाही म्हटलं ना.

हिरामण : अर्धी. तू धर, मी एक झुरका घेतो अन् तूच विझव. कुसुम, पाय पडतो तुह्या.

देवकाबाई : पोरी, मले नाही पाहावत. देऊन टाक एक—

कुसुम : आत्याबाई, तुमी झोपा जाऊन. अन् तुमी, पाय नका पडू. रागवा पाहिजे तर. तोंड वाकडं करा, जेवू नका, मीही जागीन. पण या चुलीत तुमच्यासाठी इस्तो नाही आज.

हिरामण : लाल दिसून राहिला तो काय आहे मग?

कुसुम : तो दूध तापवाचा आहे. उठू नका. बसाले बिडी कायले पाहिजे? हा पाट घ्या. हात द्या इकडं, दोन्ही. हं. आता सांगा. सौंसरच्या गाडीत चढले, तिथून सांगा.

हिरामण : काय सांगू? चढलो अन् बसलो.

कुसुम : तिले सांगतलं तेवढं सगळं. भेव कुठं वाटलं, केवढं वाटलं, सगळं. अन् खिडकीपाशी कोण बसलं होतं?

हिरामण : ती.

कुसुम : सोमवारी मी बसीन.