भूगोल वाचून दाखवता येत नाही

जयवंत : नाव झालं, जन्मतारीख झाली, पत्ता झाला. 'चाळ क्रमांक चार, कांदिवली पूर्व'. इतकं सुरेख मी माझ्या स्वतःच्या फॉर्मवरसुद्धा लिहिलं नव्हतं. आता हा चौकोन. वैकल्पिक विषय. लिहू ना भूगोल?

सुलक्षणा : नको, काका.

जयवंत : काय नको?

सुलक्षणा : भूगोल नको. मघापासून तेच सांगतेय, तुम्ही पत्त्यात रंगला होतात.

जयवंत : सुलक्षणा, या चाळींतले आजवर सत्तावीस फॉर्म मी भरलेत. सत्तावीसच्या सत्तावीस जणांना भूगोल दिला. का? स्कोरिंग विषय! नकाशा काढला, मार्क. नदीला निळा रंग दिला, मार्क. परीक्षकाला वाचायलासुद्धा लागत नाही. दमलेला असतो बिचारा.

सुलक्षणा : आता पूर्वपरीक्षेत नुसत्या खुणा करायच्या असतात. निळा रंग कुठे देऊ?

जयवंत : मुख्य परीक्षेत दे.

सुलक्षणा : आणि त्या सत्तावीस जणांतले कलेक्टर किती झाले?

जयवंत : असं तडकाफडकी विचारायचं नसतं. शिवदास विक्रीकरात लागला. काशीराम बँकेत आहे.

सुलक्षणा : काशीराम बँकेच्या दारात आहे, काका. बंदूक घेऊन.

जयवंत : पण त्याला कुठल्याही शाखेचा पत्ता विचार, डोळे मिटून सांगतो. भूगोल पक्का!

मालन : भावजी, चाय घ्या. निवता.

जयवंत : घेतो, वहिनी. तुम्हीच सांगा हिला. हा फॉर्म एकच आहे. चूक झाली तर खाडाखोड चालत नाही. उद्या रजिस्टर पोस्टाने दिल्लीला गेला नाही तर मुदत संपली. आणि पुढच्या वर्षी हिचं वय बसत नाही. म्हणजे जे काय ते एकदाच.

सुलक्षणा : तेच तर. एकदाच बसायचंय म्हणून विषय माझा मला ठरवू दे.

जयवंत : एकदाच बसायचंय म्हणूनच अनुभवी माणसाचं ऐकायचं असतं. ह्या वह्या बघ. नऊ वह्या आहेत. खाकी कव्हर घालून, पाठीवर लेबलं लावून आणल्यात. वारे वेगळे, माती वेगळी. मला भूगोलात दोनशेपैकी एकशे अठरा होते.

सुलक्षणा : मग तुम्ही का नाही झालात?

जयवंत : बाकीच्या विषयांनी दगा दिला.

मालन : गे सुलक्षणा, असा विचारतत काय मोठ्या माणसाक?

जयवंत : विचारू दे, वहिनी. अंधेरीच्या कचेरीत हेडक्लार्क झालो, तिथे रोज कुणीतरी विचारतंच. बरं, तुला कुठला विषय हवाय?

सुलक्षणा : तत्त्वज्ञान.

जयवंत : काय?

सुलक्षणा : तत्त्वज्ञान. आपल्याकडचं आणि तिकडचं, दोन्ही.

जयवंत : वाट लागली! कुणी घातलं हे डोक्यात?

सुलक्षणा : कुणी नाही. आईने वाचून दाखवलं.

जयवंत : कुणी?

मालन : मी. हसू नका हां.

जयवंत : हसत नाहीये. मी चहा गिळतोय. वहिनी, तुम्ही तर त्या समाजमंदिरातल्या प्रौढांच्या वर्गात...

मालन : सात वर्सां झाली. थयच अक्षरा शिकलंय. आता बोट ठेवून वाचतंय.

सुलक्षणा : काका, तुम्ही मला रोज बघता. मी काय करत असते?

जयवंत : कानातल्यांना खडे चिकटवतेस. आताही तेच करतेयस. माझ्याकडे वर बघूनसुद्धा बोलली नाहीस.

सुलक्षणा : वर बघितलं की खडा वाकडा बसतो. वाकडा बसला की डझनच्या डझन माल परत. म्हणजे डोळे इथे, हात इथे. मोकळे काय राहिले?

जयवंत : काय?

सुलक्षणा : कान. आधी आई आणि मी दोघी बसायचो. मग आईच्या बोटांना थरथर सुटली, चिमटा धरता येईना. मी म्हटलं, हात रिकामे आहेत ना, मग वाच. दिवसाचे आठ तास वाचते ती. मी बी.ए. अशीच झालेय, ऐकून ऐकून.

मालन : आठ तास नाय. मधी भात लावतंय.

जयवंत : म्हणजे तुझा सगळा अभ्यास...

सुलक्षणा : आईच्या तोंडून. म्हणून मला असा विषय पाहिजे, जो वाचून दाखवता येतो. भूगोल नाही येत वाचून दाखवता. तुमची पहिली वही मागच्या महिन्यात आणली होती ना? आईने वाचलं, 'आकृती दोन पहा'. झालं. आता मी पाहू कशी? तिने बोटाने हवेत सातपुडा काढून दाखवला. मी मान वळवली. अख्खा डझन वाया गेला.

मालन : मी सांगितलेला, हयसून असो वर जाता, मगे खाली येता. तर ही म्हणता, गे आये, काय वर जाता?

जयवंत : मग इतिहास घे. इतिहासात आकृत्या नाहीत.

सुलक्षणा : घेऊन बघितला. माणसं मरायला लागली की आई थांबते. डोळे पुसते, पाणी पिते. पानिपतात आम्ही आठ दिवस अडकलो होतो.

मालन : पोरगे होते हो ते. कोवळे.

जयवंत : अर्थशास्त्र?

सुलक्षणा : दर पानाला 'खोटा' म्हणायची. महागाई कशाने वाढते ते तिला पुस्तकापेक्षा जास्त माहीत आहे.

जयवंत : आणि तत्त्वज्ञान ह्यांना आवडलं?

सुलक्षणा : आवडलं नाही. तत्त्वज्ञानात ती भांडते. आणि गंमत बघा, आई जिथे भांडते ना, तिथे पुढे पुस्तकातसुद्धा कुणीतरी भांडलेलं असतं.

जयवंत : योगायोग.

सुलक्षणा : आई, त्या फ्रेंच माणसाचं सांग ना.

मालन : जाव दे गे.

सुलक्षणा : सांग ना.

मालन : एक गृहस्थ आसा, भावजी. शिकलेलो. तो शेगडीजवळ बसता आणि म्हणता, ही शेगडी आसा की नाय कोण जाणे. माझे हात आसत की नाय कोण जाणे. सगळ्याचो संशय. मी म्हटलंय, बाबा, तुझ्या घरात पाणी कोण भरता? एकदा आमच्या नळावर हंडो घेऊन उभो रव. माझो नंबर आसा की नाय कोण जाणे, असा म्हण बघू. मागची बाई सांगतली तुका, तू आसस की नाय ता.

जयवंत : हे तू पेपरात लिहिणार आहेस?

सुलक्षणा : नाही. पण तो माणूस मला आता जन्मात विसरता यायचा नाही. आणि तो कुठे चुकला तेही.

जयवंत : पूर्वपरीक्षेचा पेपर मराठीत येत नाही, माहितेय ना?

सुलक्षणा : माहितेय. इंग्रजी शब्द मी रविवारी ग्रंथालयात बसून उतरवून आणते. मग ते समोर भिंतीला लावते. हे बघा. एक कानातलं झालं की वर बघून एक शब्द. विषय डोक्यात आईने घातलेला असतो, मी फक्त त्याला इंग्रजी नाव देते.

जयवंत : मला वाटलं, ही धोब्याकडच्या कपड्यांची यादी आहे.

मालन : भावजी, माका एक सांगूचा आसा.

जयवंत : सांगा ना.

मालन : तुमी म्हणतास तर भूगोल लिवा. तुमी ह्या परीक्षेक बसलेले. मी काय, चौथीचा पुस्तक पण शाळेत बघूक नाय. माझ्या वाचण्यापायी पोरीचा नुकसान नको. एकच खेप आसा तिची. मी म्हणतंय काय, नकाशे ती शिकात कसा तरी. मी खडे चिकटवीन परत. बोटा थरथरली तर थरथरली.

सुलक्षणा : आई, गप्प बस. तुझं मन राखायला घेत नाहीये मी. मला मार्क पाहिजेत.

मालन : बघा, कशी बोलता!

जयवंत : थांबा दोघी. मी एक प्रश्न विचारतो. एकच. आला तर लिहितो तत्त्वज्ञान. नाही आला तर भूगोल, आणि पुन्हा वाद नाही. कबूल?

सुलक्षणा : एका प्रश्नावर?

जयवंत : दिल्लीवाले तरी किती विचारणार आहेत! ऐक. डोंगरावर धूर दिसतोय. त्यावरून काय म्हणशील?

सुलक्षणा : डोंगरावर आग आहे. कारण जिथे धूर तिथे आग. हे तर पहिल्या धड्यात आहे, काका.

जयवंत : प्रश्न पुढे आहे. तेच वाक्य उलटं करू. जिथे आग, तिथे धूर. चालेल?

सुलक्षणा : नाही चालणार.

जयवंत : का?

सुलक्षणा : तुम्ही आईलाच विचारा.

जयवंत : परीक्षा तुझी आहे.

सुलक्षणा : विचारा तरी. मग मी तुम्हाला तेच पुस्तकी भाषेत सांगते, हवं तर इंग्रजीतून.

जयवंत : बरं. वहिनी, जिथे आग तिथे धूर असतोच ना?

मालन : असात कसो? भावजी, तुमी कधी चूल पेटवलास?

जयवंत : नाही.

मालन : तरीच. लाकडा सुकी असली तर आग कशी सरळ लागता. धूर येणा नाय. ओली असली की मगे डोळे फुटतत. म्हणजे धूर काय नुसत्या आगीचो नाय, ओल्या लाकडाचो. आग आणि ओली लाकडा, दोन्ही होयी.

जयवंत : हं.

मालन : आणि दुसरा सांगतंय. ह्यांची गिरणी सुटली, आता हे साकीनाक्याक कारखान्यात वॉचमन आसत. डबो घेऊन जातंय ना मी, तर थय लोखंड तापवतत. लालबुंद. हात लावलास तर हात जळात. म्हणजे आग झाली की नाय? मगे धूर खय आसा? एक काडी पण नाय धुराची.

जयवंत : हे... लोखंडाचं तुम्हाला कुणी सांगितलं?

मालन : कोण सांगतलो? डबो देताना बघलंय.

सुलक्षणा : पुस्तकात हे दोन्ही आहे, काका. तापलेला लोखंडाचा गोळासुद्धा आहे आणि ओलं सरपणसुद्धा. त्या ओल्या सरपणाला उपाधी म्हणतात, म्हणजे लपलेली अट. पण ते सतरा पानं पुढे होतं. आईने आधी सांगितलं, आम्ही पुस्तकात तिथे दुसऱ्या दिवशी पोचलो. त्या दिवशी आईने रागाने पुस्तक मिटून ठेवलं.

मालन : माका वाटला, माझा कोणी चोरल्यान.

सुलक्षणा : काका? प्रश्न आला की नाही?

जयवंत : आला.

सुलक्षणा : मग असे का बसलात?

जयवंत : सहासष्ट सालच्या पेपरात हाच होता. तिसरा प्रश्न. 'धूर आणि आग यांचा संबंध उलट करता येतो का?'

सुलक्षणा : तुमचा तर भूगोल होता.

जयवंत : दुसऱ्या वेळी. पहिल्या वेळी तत्त्वज्ञान होतं. ते मी कुणाला सांगत नाही. तीन महिन्यांत आठ पुस्तकं वाचली होती, सुलक्षणा. एका दिवसात साठ पानं. ओलं सरपण, लोखंडाचा गोळा, सगळं घोकलं होतं. पेपरात 'उलट' हा शब्द बघितला आणि सगळं एकात एक मिसळलं.

सुलक्षणा : मग काय लिहिलंत?

जयवंत : उलट करता येतो, असं लिहिलं. तीन पानं. सोदाहरण.

मालन : अरे देवा.

जयवंत : दोनशेपैकी एकोणीस मिळाले. ते एकोणीससुद्धा अक्षराचे असणार. त्यानंतर मी ठरवलं, आपल्या इथल्या एकाही पोराला त्या बाजूला जाऊ द्यायचं नाही. भूगोलात निदान कुणी बुडत नाही. पोचत नाही कुठे, पण बुडत नाही.

सुलक्षणा : काका, तुम्ही सगळ्यांना ह्या भीतीने भूगोल देत होतात?

जयवंत : नाही. स्कोरिंग म्हणून. भीती आतून होती.

मालन : भावजी, चाय दुसरी ठेवतंय.

जयवंत : नको, वहिनी, बसा. मला एक सांगा. तुम्ही चुलीपुढे इतकी वर्षं बसलात. हे धुराचं तुम्हाला कधीपासून ठाऊक?

मालन : ठाऊक कसला त्याच्यात? डोळ्यात गेल्यावर कळताच. पण ह्या असा सांगण्यासारखा आसा, ता ह्या पुस्तक वाचल्यावर समाजला.

जयवंत : मी कचेरीत एकोणीस साहेब बघितले. मोठे मोठे. त्यातल्या एकालाही पुस्तक वाचल्यावर आपल्याला आधीपासून काय माहीत होतं ते कळलेलं नाही.

सुलक्षणा : मग लिहिताय ना?

जयवंत : वरची रेघ सरळ येऊ दे. बोलू नकोस. हात हलतो.

(जयवंत चौकोनात 'तत्त्वज्ञान' लिहितो. मग शाईवर फुंकर घालतो.)

सुलक्षणा : बघू? छान आलंय. पत्त्यापेक्षा छान आलंय.

जयवंत : ह्या वह्या मी परत नेतो. शेजारच्या शकूच्या मुलाला देईन, तोही परीक्षेला बसणार आहे.

सुलक्षणा : त्याला तरी विचारा आधी, त्याला काय घ्यायचंय ते.

जयवंत : विचारीन. वहिनी, ते ओल्या सरपणाचं पान अजून आहे का जवळ? की ग्रंथालयात परत केलंत पुस्तक?

मालन : आसा की. पण आमी त्याच्या फुडे गेलाव. आता आत्म्यावर पोचलाव.

जयवंत : एकदा मागे यायला जमेल? मी बसतो इथे कडेला. तुम्ही वाचा.

मालन : माझा वाचन सावकाश, भावजी. एका पानाक अर्धो तास लागता.

जयवंत : लागू दे. मी एकोणीस वर्षं त्याच पानावर आहे.