तयार बालपण मिळेल

—शेळी देता येणार न्हाय, रणधीरदादा. दुसरं कायबी मागा. कंदील हाय, फाटकी चड्डी हाय, फी भरणारे गुरुजी हायत—शेळी तेवढी मागू नका. का म्हंजे? गेली ती. दोनदा गेली, आन दुसऱ्यांदा गेली तवा जे रामायण झालं ते अख्ख्या जळकोटानं बघितलं. सांगतो की. आधी नीट बसा—ती खुर्ची डुगडुगतीया खरं, पर घाबरू नका, दोन आमदार बसून गेलेत तिच्यावर. पुढच्या निवडणुकीला आपटले ते, पर त्यात खुर्चीचा काय दोष? चहा येतोय खालनं. टायरवाला ठोकाठोकी करायलाय, त्याचं मनावर घेऊ नका, येरमाळ्यात हायवेला जागा घेतली की एवढं चालायचंच. जिन्यातली पाटी वाचली न्हवं? 'महालिंगप्पा गुरुजी—मानपत्र, गौरवग्रंथ, आत्मचरित्र.' शाळेतनं रिटायर झाल्यापासनं ह्योच धंदा. धंदा म्हणायचं न्हाय, सेवा म्हणायचं, पर धंदाच हाय.

तर आत्मचरित्र. वय किती तुमचं? अडोतीस? चालतंय, आता तर मिशा फुटायच्या आधी काढायलेत. पयला भाग 'जडणघडण'—तिथंच सगळे अडकतेत. पुढचं सोपं हो, पुढचं फोटोतच आसतंय—रस्त्याचं उद्घाटन, सभामंडपाचं उद्घाटन, आन उखडलेल्या रस्त्याची पाहणी. पर लहानपण? कुलदीपआण्णा माझे पयले. येडशीचे. ह्याच खुर्चीत बसले. म्या पेन काढलं, म्हणलं, आण्णा, लहानपणाचं सांगा. आण्णा म्हणले, लहानपणी म्या लहान होतो. म्हणलं, पुढं? म्हणले, जेवायचो, झोपायचो, चिंचा पाडायचो, मग मोठा झालो. आता ह्याच्यात वाचकाच्या डोळ्यात पाणी कुठनं आणायचं? आन लोकांना नेता गरिबीतनंच वर आलेला लागतोय—तूप खाऊन वर आलेला चालत न्हाय, वर आल्यावर खाल्लेलं चालतंय. मग म्या काय केलं? कोरं पान बघवंना, टाकलं माझंच. माझं लहानपण नुसतं पडूनच होतं की, कोण इचारत होतं? आमच्या घरी जळकोटात कंदील एकच, तो अव्वा चुलीपाशी घ्यायची—अव्वा म्हंजे आई, आमी घरात कानडी बोलणारे—म्हणून म्या मठाच्या दिव्याखाली अभ्यास करायचो. येडशीच्या माणसाला आमचा मठ कसा बसवायचा? रेल्वे टेशनाचा दिवा केला. म्या बोरी नदीतनं दप्तर डोक्यावर धरून शाळंला जायचो, आण्णाला रुळावरनं चालवत नेलं. आन शेळी—भिंगरी नाव तिचं, एका जागी उभी म्हणून राहायची न्हाय. ती विकून मला मास्तरकीच्या कॉलेजात घातलं घरच्यांनी. आण्णाच्या पुस्तकात तीच भिंगरी, नावासकट. प्रकाशनाला आण्णा स्वतः वाचता वाचता रडले. खरंच रडले! नंतर मला कोपऱ्यात घेऊन म्हणले, गुरुजी, मला आता समदं आठवायला लागलंय.

तिथनं नाव झालं माझं. एकाला कंदील दिला, एकाला माझे गुरुजी दिले, एकाला तर माझा टायफॉइड दिला—लई आवडला त्याला, दोन पानं वाढवून घेतला. आन राजशेखरआप्पांना शेळी दिली. व्हय, तीच! आवो, आण्णा एका पक्षाचे, आप्पा दुसऱ्या पक्षाचे, एकमेकांच्या गावात पाणी पीत न्हवते. ह्याचं पुस्तक त्याच्या घरात जायची सोयच न्हवती. मला वाटलं, भिंगरी दोन्हीकडं बिनघोर चरंल. युती व्हईल असं म्या काय सपान बघितलं होतं का? झाली! जळकोटात सभा, एकच स्टेज, दोघं एकाच हारात. आण्णा आधी उठले, सुरुवातच शेळीपासनं—'आमच्या घरी एक शेळी होती...' बायांनी पदर लावले डोळ्याला. आण्णा बसले. मग आप्पा उठले. आप्पांची एक खोड हाय, दुसऱ्याचं भाषण चालू झालं की ते झोपतेत. उठले, घसा साफ केला, म्हणले, 'मायबहिणींनो, आमच्या घरी एक शेळी होती.' मागनं कुणीतरी वरडलं—भिंगरी! आप्पा खूश! म्हणले, बघा, माझी भिंगरी गावोगाव पोचली. मग काय—आर्धं वाक्य आप्पांनी म्हणायचं, आर्धं पब्लिकनं. लोक हसून हसून आडवे. तेवढ्यात म्होरच्या रांगेतनं एक म्हातारी उठली, कंबरेवर हात—आमची आक्का. शिवम्मा, माझी थोरली बहीण, गावातच दिलेली. 'ए बाबा,' म्हणली, 'ती शेळी तुझी न्हाय आन त्याचीबी न्हाय! तिची धार म्या काढलीया! शांतम्माची शेळी ती, आमच्या अव्वाची!' माईक न्हवता तिच्याकडं, पर तिला कवा लागलाय माईक. म्या? म्या जनरेटरच्या मागं.

म्हणून शेळी बंद. त्या दिवशी आक्कानं घरी बोलवलं, पाणीसुद्धा इचारलं न्हाय. म्हणली, 'दिवा वाटलास, नदी वाटलीस, गुरुजी वाटलेस, शेळी वाटलीस. आता अव्वाला कवा वाटतूस?' म्हणलं, न्हाय वाटणार. म्हणली, अव्वाच्या तसबिरीवर हात ठिव. ठिवला. तवापासनं समदं दिलं, अव्वा दिली न्हाय. तेवढी एकच राहिलीया माझ्याकडं, रणधीरदादा. खोटं न्हाय सांगत—म्या माझं लहानपण आठवाय बसलो की मला आण्णाच दिसतेत, पांढऱ्या कपड्यात, दप्तर डोक्यावर, मागं दोन कार्यकर्ते. हसू नका. तुमचं हसणं व्हतंय, माझा जीव जातोय. अव्वा तेवढी अजून माझी म्हणून दिसती.

तर तुमचं बघू. काय काय हाय तुमच्याकडं? बंगल्यात जन्म, सोलापूरला इंग्रजी शाळा, बारावीला बुलेट, मग जेसीबी. जेसीबीच्या हेडलाइटखाली अभ्यास केला असं कसं लिवायचं? काय म्हणता? आई पायजे? कष्टाळू आई? आवो, ती सगळ्यांनाच पायजे आसती, आईवर मतं पडतेत. पर आत्ता सांगितलं न्हवं, अव्वा न्हाय म्हणून! कशी होती म्हंजे? तुमाला काय करायचंय? होती साधी. मराठी धड येत न्हवतं तिला, वाचायचं तर नावच नको. पर रोज संध्याकाळी, म्या मठाकडं जायच्या आधी, मला चुलीपाशी बसवायची, धडा मोठ्यानं वाच म्हणायची, आन ती भाकरी थापायची. कळत काडीचं न्हवतं तिला. गल्लीत पोरं हाका मारायची विटीदांडूला, मग म्या काय करायचो, मधली पानं गाळायचो आन धाडदिशी शेवट. ती हात थांबवायची. 'इष्ट लगू मुगीतेनो?'—म्हंजे, एवढ्या लवकर संपलं का रे? आता तिला कसं कळायचं? तिचं माप होतं. ह्यो धडा दोन भाकरीचा, ती कविता एका भाकरीची, इतिहास म्हंजे दुरडीभर. 'भाकरी तव्यावर कच्ची हाय,' म्हणायची, 'तुझा राजा कसा काय मेला?' परत पयल्यापासनं वाचायला लावायची. भाकरी फुगली की मग राजा मेलेला चालायचा.

आन शेवटी हातरुणाला लागली तवा—हे नुसतं तुमाला सांगायलाव, पुस्तकासाठी न्हाय—तवा आण्णाचं पुस्तक नुकतंच छापून आलेलं. माझं पयलं पुस्तक. उशापाशी बसून वाचून दाखवलं तिला, कानडी करून करून. दिवा, रूळ, भिंगरी, समदं. तिचे हात पांघरुणावर हळूहळू थापायले, भाकरी थापल्यागत. मला वाटलं, आता वळखती. आता शिव्या देती. संपलं वाचून, तर म्हणली, 'त्या सायबाच्या आईलाबी शेळी विकावी लागली का रे? लई सोसलं आसंल बिचारीनं. भेटली तर सांग, मी इचारलंय म्हणून.' आण्णाची आई! कारखान्याच्या चेअरमनची लेक ती, दारात म्हशींची दावण, जन्मात कधी शेळीच्या अंगाला हात लावला नसंल. आन ही हिकडं तिच्यासाठी हळहळायली. म्या काय सांगणार? सांगतो म्हणलं. दोन दिवसांनी गेली. ह्यो टायरवाला रबर जाळतोय बघा, डोळ्यात धूर जातोय माझ्या.

तुमचं काय झालं? तुमी का डोळे पुसायलाव? बरं, बरं... काय? हीच पायजे? न्हाय. न्हाय म्हणलं न्हवं एकदा. कुणी सांगितली तुमाला? म्या सांगितली? सांगितली व्हय. समदीच सांगितली की. जळो ती जीभ! दादा, बसा, उठू नका—भाकरीचं तेवढं सोडा. शेळी घ्या! व्हय, घ्या शेळी, आक्काच्या शिव्या म्या खातो. नदी घ्या, पूर आलेली देतो. तुमचे वडील लहानपणीच वारले असं लिवू का? हयात आसले म्हणून काय झालं, दुसऱ्या आवृत्तीत जिवंत करू—बरं, न्हाय मारत. पुस्तकच नको म्हणता? रविवारच्या सभेत भाषणातच सांगतो म्हणता? आवो, ते तर आणखी वाईट! पुस्तक कोण वाचतंय, भाषण समदे ऐकतेत! मग ती जन्मभर तुमची आई हुईल, आन म्या तुमाला बघून टाळ्या वाजवत बसू?

थांबा, खिडकीतनं कुणाला हाक मारायलाव? ड्रायव्हरला? ती काळी गाडी तुमची व्हय. आन मागच्या शिटावर कोण हाय, पदरानं वारा घ्यायल्यात त्या? आई? तुमची? सख्खी? हितल्या येडाई देवीच्या दर्शनाला आणलं होतं व्हय. आन मघापासनं त्या गाडीत? आवो दादा, तुमी वर बसून आई मागायलाव, आन आई खाली उन्हात! काय म्हणता, त्यांच्याकडं सांगण्यासारखं काय न्हाय? कुणी इचारलंय? तुमी इचारलंय का कवा? बंगला बांधायच्या आधी कुठं राहायच्या, काय करायच्या, म्हायती हाय? न्हाय ना. मग आपला एक करार. आज त्यांच्याकडनं काय निघालंच न्हाय तर न्या माझ्या अव्वाला, रविवारी खुशाल सांगा भाकरी-बिकरी, आक्काला काय तोंड दाखवायचं ते म्या बघून घेतो. पर निघालं, तर माझ्या चुलीकडं बघायचं न्हाय. बोला, येडाईशप्पथ? ...हां.

अहो ताई! व्हय, तुमालाच! वर या जरा. जिन्यानं या, हळू, मधली एक पायरी फुटलीया. या, या. हितं पंख्याखाली बसा. आधी पाणी घ्या. नाव काय म्हणायचं तुमचं? लक्ष्मीबाई. आन माहेर? ...बरं. दादा, तुमी का उभे? तुमी जावा खाली. न्हाय, तुमचं हितं काय काम न्हाय. तुमच्यासमोर त्या नुसतं हूं हूं करतील, लेकाचं कौतुक सांगतील, ते मला नको. जावा, गाडीत बसा, त्या बसल्या होत्या तसं. चहा लावून देतो खाली. दार वढून घ्या जाताना.

काय न्हाय हो ताई, घाबरू नका, मताचं-बिताचं काय न्हाय. तुमी आपलं लहान होतात तवाचं सांगा. काय न्हाय कसं? कुठनंबी सुरू करा. म्या एक शब्द बोलत न्हाय आता.