पडताना पाहिलेला दगड

आभाळातून पडलेल्या दगडांचे, म्हणजे उल्कांचे, पॉलिश केलेले काप जमवायचा मला नाद आहे. हिंगोलीत ते कळल्यापासून जो तो शेतातला काळा दगड घेऊन दारात यायचा. प्रत्येकाला चहा पाजायचा आणि मग नाही म्हणायचं. जीव विटला होता अगदी.

एकदा कनेरगाव नाक्याहून एक म्हातारबाबा जीपनं आले, भलामोठा धोंडा टॉवेलात बांधून.

"आभाळातून पडला. म्या डोळ्यानं पाह्यला. गोठ्याचा पत्रा फुटला."

धोंड्याच्या कडेला सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची खूण स्पष्ट दिसत होती.

"बाबा, शेजारी विहिरीचं काम चालू होतं का? सुरुंग लावला होता?"

"लावला व्हता की. त्याबिगर एवढा वर कसा गेला असता?"

मी थकून कपाटातला एक काप त्यांच्या हातावर ठेवला. "हा बघा, खरा आभाळातला."

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "पडताना तुमी पाह्यला?"

"नाही. पोस्टानं आला."

 बाबा उठले आणि त्यांनी धोंडा कपाटात, माझ्या कापांशेजारी ठेवला.

"राहू द्या. तुमच्याजवळ एक तरी पडताना पाह्यलेला असावा."