पिंप्राळ्यात कापलेला घड

माहा जनम रावेरकडचा, भाऊ. बाप केळीच्या टोळीत, मंग मीबी टोळीत. टोळी म्हणजे आठदहा गडी अन् एक मुकादम, ज्याच्या बागात कापणी तिथं जायचं, एकानं घड कापायचा, दुसऱ्यानं खांद्यावर झेलायचा अन् पळत पळत गाडीपाशी न्यायचा. केळीचा चीक लागला का डाग मरेलोक जात नही. माह्या लग्नाच्या सदऱ्यालेबी लागला, कावून तं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तोच सदरा घालून मी गाडी भरायले गेलतो. घरी बसवतच नही मले, पह्यलेपासून असाच.

पोराची माय, म्हणजे माही बायको, तीबी बागात निंदायले, पाला वाहायले. पोरगा एकच, सुनील. तो शिकला, जळगावले चटईच्या कारखान्यात लागला, पिंप्राळ्यात घर घेतलं. माहा गुडघा गेला तं म्हणे आबा, बस झालं, चला आता दोघं. गेलो.

काय सांगू तुमाले, बसून बसून माणूस पागल होतो. सकाळी गच्चीवर, मंग खाली, मंग गल्लीच्या तोंडालोक, रिक्षावाला विचारे आबा कुठी जायचं, मी म्हणे कुठीच नही. सून चांगली, नातीले कडेवर घेऊन घडीघडी चहा देई, पण माणसानं चहा प्यावा तरी किती.

समोर शाळेतल्या मॅडम राहत. त्यांच्या कंपाउंडात एक केळीचं झाड, घड लागलेला. त्या लेकीकडे पुण्याले निघाल्या अन् मले म्हणे आबा, झाडाला तेवढं पाणी घालाल का? मले तं देवच पावला. रोज पाणी घालू, वाळलेला पाला काढू. एका सकाळी पाह्यलं तं केळाची धार गोल झालेली, म्हणजे घड भरला. आता भरलेला घड कोणी उभा ठेवतं का? आमच्याकडे हिरवाच कापतात, पिकतो तो मंग वखारीत. पोराची माय म्हणे, अहो, विचारा तं खरं. मी म्हटलं त्यात काय विचारायचं. कापला, एक ओरखडा नही. अन् घड निघाला का खोड कामाचं राहत नही, बुडातून फुटलेल्या नव्या पिलाले जागा पाह्यजे, म्हणून खोडबी पाडलं. घड पाल्यावर त्यांच्या ओट्यावर ठेवला. लय दिवसांनी असा खूश झालो व्हतो मी.

मॅडम आल्या, ओट्यावरचा घड पाह्यला. म्हणे आबा, हे माझ्या लेकीनं लावलं होतं, झाडावर पिकलेलं पहिलं केळं तिला न्यायचं होतं. मी म्हटलं बाई, गोणपाटात गुंडाळा, घरात पिकते ना. त्या घड तिथंच ठेवून आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी सुनीलले सांगितलं, त्याचं तोंड एवढंसं. आबा, फक्त पाणी घालायला सांगितलं होतं ना? उद्यापासून कोणाकडे जाऊ नका, टीव्ही पाहा.

टीव्ही! मी तवाच पोराच्या मायले म्हटलं, भर पिशवी, सकाळच्या गाडीनं गावाले जाऊ. ती मेथी निवडत व्हती. मान वर न करता म्हणे, तुमी जा, मी नही येत. मी म्हटलं असं कसं? तं म्हणे, तुमचे हात खाजवतात, माहे दुखतात. जनम बागात वाकून गेला, इथं नळ घरात हाये, सून ताट वाढून देते, मले बसू द्या आता. खोटं कावून बोलू, लय राग आला मले. एकलाच निघून आलो.

आता टोळीवाले मले घड उचलू देत नही, गाडीत पाला अंथरतो, तेवढंच. भाकर टाकतो तं जळते. संध्याकाळी तिचा फोन येतो, जेवले का? मी म्हणतो हो, तू कधी येतं? ती म्हणते तुमीच या ना. एकदा तं जळगावच्या गाडीत बसलोबी, अन् भुसावळले उतरून माघारी आलो. इथं घर खायले उठतं, तिथं बसवत नही, करावं काय माणसानं?

पण राग गेला, भाऊ. सून सांगते, आई दुपारी ओट्यावर पाय पसरून बसतात, नातीले मांडीवर घेऊन. आमच्या बठ्ठ्या संसारात मी तिले दिवसाउजेडी बसलेली पाह्यली नही. देव तिले तशीच बसलेली ठेवो.