बाईंच्या जागी कोण बसणार?

समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावर विराजमान आरोग्य समितीचे सभापती महोदय, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या समुपदेशक बाई, सर्व डॉक्टर मंडळी, परिचारिका, वॉर्डातले कर्मचारी, आणि आमंत्रणपत्रिकेत ज्यांना ‘रुग्ण व नातेवाईक’ म्हणून शेवटच्या ओळीत दाटीवाटीनं बसवलंय ते माझ्यासारखे सगळे, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनाचे जास्त होतील, तेव्हा चहावाल्यांनी किटली झाकून ठेवावी. मी काही वक्ता नाही. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार-कक्षात फोन घेते. ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ हे वाक्य मी दिवसभर म्हणते. सभागृहातल्या बऱ्याच जणांनी माझा आवाज ओळखला असेल आणि मनातल्या मनात मला शिव्याही घातल्या असतील. घाला, हरकत नाही. फोनच्या पलीकडे ताटकळत राहणं काय असतं, हे मलाही आता कळलंय.

मी आज आले ती माझ्या धाकट्या भावाची ताई म्हणून. तो इलेक्ट्रिशियन आहे. त्याला विचारूनच बोलतेय. तो म्हणाला, “ताई, खुशाल सांग. फक्त आकडे सांगू नकोस. वजनाचा एकही नको.” त्यामुळे माझ्या भाषणात आकडे नाहीत. सभापती महोदय, आपल्या भाषणात भरपूर होते, तेव्हा सरासरी ठीक जमेल.

तर माझा भाऊ जेवेनासा झाला. एका दिवसात नाही. आधी गोड सोडलं. सगळ्यांनी कौतुक केलं. मग पहाटे पळायला लागला. आणखी कौतुक. मग “कामावर खाल्लंय” असं म्हणून ताट सरकवायला लागला. मग घरी पाहुणे आले की बाहेर पडायला लागला. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून शिडीवर चढायचा. आई विचारायची, “अरे, तुला होतंय तरी काय?” तो म्हणायचा, “काही नाही. तुम्ही सगळे माझ्या ताटात का बघता?” आणि खरंच, आम्ही घरातले तिघं त्याच्या ताटाकडेच बघत असायचो. दुसरीकडे बघणार कुठे?

आमच्या घरच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. म्हणाले, “वय आहे, खाईल.” पोटाच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं आणि आनंदानं सांगितलं, “पोट उत्तम आहे!” उत्तम होतंच, वापरत कोण होतं? मग आहारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी कशात किती उष्मांक आहेत त्याचा छापील तक्ता हातात दिला. भाऊ इतका खूश झाला की काय सांगू! त्यानं तो तक्ता पाठ केला, आणि त्यानंतर उकडलेलं अंडंसुद्धा त्याच्या घशाखाली उतरेना.

ह्याला काय म्हणतात ते आम्हाला एव्हाना कळलं होतं. खाण्याचा विकार. नाव कळलं म्हणजे औषध मिळेल, असं मला वाटलं. मी भोळीच. रोज जेवणाच्या सुट्टीत कार्यालयाच्या जिन्यावर बसून फोन लावायला लागले. एक थेरपिस्ट गाव सोडून गेले होते. एकांचा नंबर एका फर्निचरच्या दुकानात लागत होता. ते दुकानदार बिचारे सज्जन, म्हणाले, “ताई, रोज कुणीतरी रडत फोन करतं हो, मी काय करू?” एक बाई फक्त लहान मुलं बघत. एक गृहस्थ फक्त नवराबायकोची भांडणं. एका ठिकाणच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, “पेशंटचं नाव?” मी सांगितलं. ती म्हणाली, “मुलगा आहे? आमच्याकडे ह्यासाठी फक्त मुलीच येतात.” मी म्हटलं, “मग मी त्याला काय म्हणून पाठवू?” तिनं फोन ठेवला.

आणि ज्यांना खरोखर ह्या आजारातलं कळत होतं, त्या मोठ्या शहरातल्या केंद्रानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, “इतका अशक्त असेल तर आम्ही थेरपी सुरू करत नाही. आधी थोडं वजन वाढवून आणा.” मंडळी, मी त्यांना म्हटलं, “वजन वाढवता येत असतं, तर मी तुम्हाला फोन कशाला केला असता?”

आता अध्यक्ष महोदय, रागावू नका. मी ह्या आपल्या रुग्णालयातही फोन केला होता. एकदा नाही, बऱ्याचदा. “मानसिक त्रासासाठी कुणी आहे का?” तर उत्तर मिळालं, “असा विभाग आपल्याकडे नाही.” आणि बाई इथेच बसत होत्या! वर्षानुवर्षं! आमच्या घरापासून चालत येण्यासारख्या अंतरावर! दारावर पाटी नाही, चौकशीच्या खिडकीवर नाव नाही, टेलिफोन ऑपरेटरला पत्ता नाही. मला बाई सापडल्या त्या आईच्या गुडघ्यामुळे. गुडघ्याचा व्यायाम घेणाऱ्या मॅडम आईला म्हणाल्या, “आजी, तुम्ही पाय वर करताना रडता, ते दुखण्यानं रडत नाही. काय झालंय?” आईनं सांगून टाकलं. त्या मॅडमनी आईचा हात धरला आणि तशीच तिला बाईंपुढे नेऊन बसवलं.

भाऊ पहिल्या दिवशी खोलीत गेलाच नाही. बाहेर बाकावर बसून राहिला. मी त्याची मनधरणी करत होते, दात-ओठ खात होते. तेवढ्यात बाई बाहेर आल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या.

“ताईनं आणलंय?”

“हो.”

“तुला यायचं होतं?”

“नाही.”

“मग आज नको बोलू. एवढंच सांग, थंडी वाजतेय का?”

त्यानं मान डोलावली. बाईंनी उठून पंखा बंद केला. तिथे बसलेले दोघं-तिघं कुरकुरले, उकाडा होताच. बाई म्हणाल्या, “थोडं सोसा.” आणि भाऊ रडायला लागला. इतके दिवस त्याला ‘काय खाल्लंस’ हे सगळे विचारत होते. थंडी वाजते का, हे कुणी विचारलं नव्हतं.

ह्यापुढे सगळं सुरळीत झालं, असं मी सांगितलं तर बाईच मला इथे सगळ्यांसमोर टोकतील. सुरळीत काहीच झालं नाही. तो बाईंवर चिडायचा, महिना महिना जायचा नाही. बाईही काही देवी नाहीत. वेळ देऊन विसरायच्या, कधी वैतागायच्या. आम्हाला बजावलं होतं, “जेवताना जेवणाविषयी बोलायचं नाही. दुसरं काहीही बोला.” आता आमचे बाबा म्हणजे मुळात घुमे. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ताटावर बसलं की बोलायला सुरुवात केली. शेजाऱ्यांची स्कूटर का सुरू होत नाही, नळाला वायसर कुठला घालावा, काय वाटेल ते. एकदा विषय संपले तर घाबरून म्हणाले, “आज… भिंत छान दिसतेय.” भाऊ हसला. हसता हसता एक घास खाल्ला. आई स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांचा आवाज करत राहिली, तिचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून.

आणि मग तो शिडीवरून पडला. एका दुकानात दिवे बसवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. हाड मोडलं नाही, पण उठवेना. त्याला इथेच आणलं. दाखल करून घेणाऱ्या तरुण डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, पुस्तकातला आकडा बघितला आणि म्हणाले, “अजून दाखल करण्याइतकं वजन कमी नाही. घरी न्या, खायला घाला.” ऐका मंडळी! तिकडे थेरपीसाठी फार आजारी, इकडे खाटेसाठी पुरेसा आजारी नाही. मी तिथे खूप ओरडले. मला बाहेर काढायला शिपाई बोलावला. तो शिपाई आज इथे आहे, त्याचा राग नाही.

बाईंना कुणीतरी निरोप दिला. त्या जिना उतरून आल्या, धापा टाकत. म्हणाल्या, “डॉक्टर, काटा बघितलात, नाडी बघितलीत का?” डॉक्टरांनी नाडी धरली. धरून बराच वेळ उभे राहिले. त्यांचा चेहरा बदलला. मग मात्र धावपळ झाली, रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला. नाडी इतकी मंद होती, की त्या दिवशी घरी नेलं असतं, तर मी आज इथे कशासाठी उभी राहिले असते कोण जाणे. त्या डॉक्टरांनी नंतर आमच्याशी मोकळेपणानं बोलून माफी मागितली, हेही सांगायला हवं.

तो हळूहळू सावरला. अजून पूर्ण बरा नाही. वाईट दिवस येतात. पण कामावर जातो, आणि मित्रांबरोबर बसून खातो. गेल्या महिन्यात त्याला बाईंच्या निवृत्तीचं कळलं, तेव्हा मी तावातावानं बाईंकडे गेले. म्हटलं, “बाई, आम्ही सह्या गोळा करतो, तुम्हाला मुदतवाढ द्यायला लावतो.”

बाई म्हणाल्या, “नको गं. मी दमलेय. आणि मी राहिले, तर हे दुसरं माणूस कधीच शोधणार नाहीत.”

म्हणून मी बाईंना ‘जाऊ नका’ म्हणणार नाही. बाई, जा. झोपा, फिरा, कुणाचंही काहीही ऐकून घेऊ नका. पण अध्यक्ष महोदय, आज सकाळी मी कार्यालयात विचारलं की बाईंच्या जागी कोण येणार. तर मला सांगण्यात आलं, की ती खोली जुने एक्स-रे ठेवायला घेतली आहे. हा पुष्पगुच्छ सुंदर आहे, भाषणं सुंदर झाली. पण बाईंच्या जागी कोण बसणार?

साहेब म्हणताहेत, “आपण नंतर माझ्या केबिनमध्ये बोलू.” नको साहेब. ‘नंतर’ मी रोज फोनवर म्हणते, त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. इथेच सांगा, सगळे आहेत. हा घ्या माईक.

…ऐकलंत ना सगळ्यांनी? मागे ऐकू आलं नसेल, पुन्हा सांगते. कायमच्या जागेसाठी प्रस्ताव वर गेला आहे, त्याचं काय होईल ते साहेबांच्या हातात नाही. पण तोवर जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या एक थेरपिस्ट दर गुरुवारी इथे येतील, असं साहेब म्हणाले. सभापती महोदयांनी मान डोलावली, ती मी पाहिली. एक्स-रे दुसरीकडे जातील. साहेब, आठवड्याचा एक दिवस म्हणजे फार थोडं आहे. मी समाधानी नाही, आणि तुम्हीही नसावं. पण काहीच नसण्यापेक्षा बरं. टाळ्या नकोत, ही काही टाळ्यांची गोष्ट नाही.

बाई, तुमचे आभार मानायचे म्हणजे काय म्हणायचं, ते मला येत नाही. आई म्हणाली, “नुसती वाकून नमस्कार कर.” ते खाली उतरल्यावर करते. अध्यक्ष महोदयांचे आभार, त्यांनी माईक घेतला. बोलताना वेळेचं भान राहिलं नाही, कुणाला काही टोचलं असेल, मोठ्यांचा मान राखण्यात कमी पडले असेन, तर आपली समजून पोटात घाला.

आणि एक. ह्या सभागृहात एक बाई बसल्या आहेत. मी त्यांच्याकडे बघणार नाही. कार्यक्रमाआधी त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “माझी मुलगी काही खात नाही हो, कुणाकडे न्यायचं?” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. गुरुवारी या. मागच्या दारानं आत, जिना चढून वर, डावीकडची शेवटची खोली. पाटी लागली नसेल, तरी दार वाजवा.