नऊ हजार सहाशे

(घनसावंगी. शाळेची संगणक खोली. जुलै २००२, मधली सुट्टी. टेलिफोनचे लाइनमन तातेराव आणि नववीतली सगुणा.)

तातेराव : खरखर न्हाई, गुणगुण न्हाई, कायीच न्हाई. घे, तूच लाव कानाला.

सगुणा : ऐकलं मी, काका.

तातेराव : उभ्या उभ्या न्हाई, नीट बसून ऐक. हा ऑफिसचा तपासायचा फोन हाय, खोटं बोलत न्हाई. कशी येऊन राह्यली टोन?

सगुणा : साफ येतीय.

तातेराव : खांबावर साफ, डब्ब्यात साफ, तुझ्या ह्या भिंतीपाशी बी साफ. मंग लाइनमननं अजून काय करावं सांग. तार गळ्यात घालून बसावं?

सगुणा : पण पान उघडत नाही ना, काका. जूनमध्ये दहावीचा निकाल होता. एकेका पोराचा नंबर टाकला की अकरा-अकरा मिनिटं नुसती पट्टी सरकायची. बाहेर बासष्ट पोरं उभी. दर मिनिटाला खिडकीतून एक डोकं आत, सगुणा, लागला का, सगुणा, लागला का. शेवटी सगळी जीप करून जालन्याला गेली. जाता जाता एक जण म्हणाला, तुमच्या इंटरनेटपेक्षा आमचा पोस्टमन बरा. सरांची काय इज्जत राहिली?

तातेराव : अन् माझी?

सगुणा : म्हणजे?

तातेराव : मेमो आला मला. पाच वाजता जालन्याला साहेबापुढं उभं राहायचंय. शाळेनं लेखी दिलं, का लाइन ठीक हाय, तर ठीक. न्हाई दिलं तर सोमवारपासून भोकरदनला.

सगुणा : बदली?

तातेराव : बदलीच. माझी बायको कांता इथं दवाखान्यात आया हाय, तिला कोण बदलून देतं? ती इथं, मी तिथं, अन् दोन पोरं अधी तिथं, अधी इथं. म्हनून तर सकाळधरनं तुमच्या लाइनीमागं लागलो.

सगुणा : मला वाटलं नुसतं बोलतील तुम्हाला. मेमो देतील असं नव्हतं वाटलं.

तातेराव : नुसतं बोलले असते तर गेलो असतो विसरून. पन साहेबानं तुमच्या शाळेचं तक्रारीचं पत्र वाचून दाखवलं, समद्या स्टाफपुढं. अन् पत्र बी काय लिवलंय, वा. मराठी मोठं झ्याक. "आपले लाइनमन खांबापेक्षा चहाच्या टपरीवर अधिक आढळतात." हसायला लागले सगळे. मला बी हसू आलं आधी. मंग ध्यानात आलं, का हे माझ्याबद्दल हाय.

सगुणा : ...पाठ झालं तुम्हाला?

तातेराव : दोनदा वाचलं त्यानं. पुढं बी होतं, "अशा कामचुकार माणसामुळे ग्रामीण विद्यार्थ्यांचे भवितव्य अंधारात आहे." तुमचे हेडमास्तर एवढं तिखट लिवतेत हे ठाव नव्हतं मला. मी तर त्यांना गरीब मानूस समजून राह्यलो होतो.

सगुणा : काका, बसा ना तुम्ही. मी बघते. लिनक्सवर एक चांगलं असतं, ते सगळं लिहून ठेवतं. कधी फोन लावला, कधी जोडला, किती वेगानं जोडला. त्याला लॉग म्हणतात. आमचा मच्छिंद्रदादा औरंगाबादला शिकतो, त्यानं मासिकातल्या सीडीवरून टाकून दिलं हे. फुकट. पूर्ण तालुक्यात अशी सिस्टिम फक्त आपल्याकडं आहे.

तातेराव : हा काळा पडदा?

सगुणा : हो. सगळ्यांना वाटतं बिघडलाय. मला येतो तो चालवायला. सर पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवतात. हे बघा, कालची नोंद. अकरा वाजून पाच मिनिटांनी फोन लावला, आणि कनेक्ट... तेहतीस हजार सहाशे.

तातेराव : तेहतीस? मंग काय वाईट हाय? आपल्या तारेवर ह्याच्या वर जातच न्हाई. तुमचं मोडेम काय, जालन्याचं मोडेम काय, दोघं बराबर बोलून राह्यलेत.

सगुणा : परवापण तेहतीस. निकालाच्या दिवशीपण... तेहतीस हजार सहाशे. सगळीकडं तेच.

तातेराव : मंग लाइन ठीक हाय की.

सगुणा : हो. लाइन... थांबा, एक फाइल बघते.

तातेराव : कसली?

सगुणा : सेटिंगची. कॉम्प्युटर आणि मोडेम एकमेकांशी किती वेगानं बोलतात, ते त्यात असतं. आपल्या तारेचं नाही, ह्या मधल्या केबलचं.

तातेराव : काय लिवलंय?

सगुणा : थांबा, परत एकदा बघते.

तातेराव : काय गं? तोंड का उतरलं?

सगुणा : काही नाही. एक आकडा बदलते. आता परत फोन लावते. ऐका, वाजायला लागलं.

तातेराव : हे केकाटनं मला लई आवडतं. रानात भांडनं लागल्यावानी.

सगुणा : जोडलं.

तातेराव : अरे, उघडलं की. फोटोसकट उघडलं. चटकन. काय केलंस तू?

सगुणा : काही नाही, काका. झालं आपोआप. कधी कधी होतं असं.

तातेराव : आपोआप?

सगुणा : हो.

तातेराव : आपोआप कायी होत न्हाई, पोरी. बावीस वर्षं खांबावर चढून राह्यलो, आपोआप एक बी तार जुळली न्हाई... थांब. मी सकाळी डब्बा उघडला, स्क्रू आवळले. तवाच कायतरी सैल असंल. मीच मार्चात बसवल्ते ते.

सगुणा : नाही, काका, तसं नसेल.

तातेराव : तसंच हाय. गारा पडल्या तवा घाई झाल्ती, बारा लाइनी तुटल्या होत्या. माझ्याच हातानं सैल राह्यलं असंल. म्हंजी साहेब बराबर बोलला मला, अन् हेडमास्तरनी बी बराबर लिवलं. जाऊ दे. सांगतो तिथं, का चूक माझीच होती. पोरांचा निकाल माझ्यामुळं...

सगुणा : काका, नका ना असं म्हणू.

तातेराव : का?

सगुणा : स्क्रू सैल नव्हता. लॉगमध्ये बघितलं ना आपण, तुमच्या तारेनं रोज तेहतीस हजार दिले. मी त्या फाइलमध्ये मधल्या केबलचा वेग नऊ हजार सहाशे लिहून ठेवला होता.

तातेराव : तू?

सगुणा : मार्चमध्ये, गारांच्या दिवशी. लाइन खरखर करायची, सारखी तुटायची. दादाला फोन केला, तो म्हणाला, वेग खाली आण, तात्पुरतं. मी आणला. दुसऱ्या दिवशी तुम्ही नवी वायर ओढली. मी तुम्हाला चहापण दिला.

तातेराव : दिल्ता. अद्रकाचा.

सगुणा : आणि परत वेग वाढवायचं विसरले. चार महिने. मला एकदासुद्धा वाटलं नाही की माझ्याकडं बघावं. मला सगळं येतं ना. म्हणजे, असं सगळे म्हणतात, आणि मीपण.

तातेराव : म्हंजी कॅनॉल भरून चालला होता, अन् चारीचं दार तूच दाबून बसली होतीस.

सगुणा : हो.

तातेराव : अन् वावर वाळलं म्हनून कॅनॉलवाल्याची तक्रार.

सगुणा : ...काका, अजून एक आहे.

तातेराव : अजून?

सगुणा : ते पत्र सरांनी नाही लिहिलं. शाळेतले सगळे अर्ज मीच लिहिते. निबंधात पहिला नंबर येतो म्हणून. टपरीचं वाक्य माझं आहे. लिहिल्यावर मी ते तीन मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं. हसलो आम्ही.

तातेराव : तो तपासायचा फोन दे इकडं.

सगुणा : बोला ना, काका. रागवा तरी.

तातेराव : तुला ठाव हाय का, तो खांब कुठं हाय? टपरीच्या मागं. उतरलं का पाय टपरीतच पडतो. तिथं बसतो मी. बसलं का मंग लोकाला दिसतो. खांबावर असतो तवा कोणी वर बघत न्हाई.

अण्णासाहेब सर : (हेडमास्तर, दारातून आत येत) अरे, आत तातेराव आहेत होय? आणि हे काय, पान उघडलं? वा, सगुणा. झाली ना लाइन दुरुस्त?

सगुणा : सर, लाइन...

अण्णासाहेब सर : तातेराव, मन मोठं केलंत तुम्ही. मेमोचं कळलं मला, वाईट वाटलं. तुमचं पत्र देऊन टाकू आपण. सगुणा, घे कागद. लिही, "लाइनमन यांनी अथक परिश्रम करून बिघाड दुरुस्त केल्याने सेवा सुरळीत झाली आहे." शाळेचाही मान राहील, यांचाही.

तातेराव : सर, दुरुस्त केला म्हनलं का बिघाड होता असं ठरतं. साहेब पयला सवाल करल, चार महिने काय करून राह्यला होता?

अण्णासाहेब सर : मग दुसरं काय लिहायचं? बिघाड होताच की.

सगुणा : लाइनचा नव्हता, सर. माझा होता. मी फाइलमध्ये वेग कमी करून ठेवला होता, मार्चमध्ये. आता आकडा बदलला म्हणून पान उघडलं. काकांनी काही केलं नाही, कारण करायला काही नव्हतंच.

अण्णासाहेब सर : तू नीट बघितलंस?

सगुणा : तीन वेळा बघितलं. दुसऱ्या कुणाचं निघावं म्हणून.

अण्णासाहेब सर : अगं, पण मी शिक्षणाधिकाऱ्यांना सांगितलंय, आमची नववीतली मुलगी सगळं सांभाळते म्हणून. फाटकावर "इंटरनेटयुक्त शाळा" असं रंगवून घेतलंय. आता लेखी द्यायचं, की चूक त्याच मुलीची?

सगुणा : लेखीच तक्रार केली होती ना, सर.

अण्णासाहेब सर : त्या पत्रावर सही माझी आहे. त्यात... फार काही कडक नव्हतं ना? मी वाचलं नव्हतं, खरं सांगतो. तुझं अक्षर दिसलं की मी सरळ सही करतो.

तातेराव : कडक होतं, सर. पन मराठी चांगलं होतं. सव्वादोनची जीप हाय मला. काय द्यायचं ते जल्दी द्या.

अण्णासाहेब सर : लिही, सगुणा. जसं असेल तसं. मी वाचूनच सही करीन.

सगुणा : लिहिते... झालं. वाचू?

तातेराव : वाच.

सगुणा : "टेलिफोन लाइनमध्ये दोष नव्हता. संगणकाच्या फाइलमध्ये मी वेग कमी केला होता आणि वाढवायला विसरले. मार्चमधला बिघाड तातेराव यांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केला होता. तक्रारीचे पत्रही मीच लिहिले होते. त्यातील टपरीचे वाक्य आणि कामचुकार हा शब्द खोटा आहे. माझ्या अविचाराच्या काळ्याकुट्ट मेघांनी एका निष्कलंक..."

तातेराव : मेघ काढ.

सगुणा : काढते.

तातेराव : अन् टपरीचं खोटं न्हाई, बसतो मी तिथं. कामचुकार तेवढं खोटं लिही.

सगुणा : ...बरं. आता?

अण्णासाहेब सर : दे इकडं. आधी तू सही कर, त्याखाली मी करतो.

सगुणा : केली.

तातेराव : नुसतं सगुणा? पुरं नाव लिही, बापाच्या नावासकट.

सगुणा : बाबांचं नको ना, काका. बाबा सगळ्या गावाला सांगत असतात, माझी पोरगी कॉम्प्युटर चालवते. त्यांनी तर ही खोलीसुद्धा बघितली नाही. त्यांचं काय चुकलंय?

तातेराव : कायी न्हाई चुकलं. मेमोवर माझं नाव तातेराव भिवा खरात असं लिवलंय. माझ्या बापानं तर जन्मात फोन कानाला लावला न्हाई.